नागोरावांकडची शेवटची दोन घड्याळं

नागोराव घड्याळजी बोलायला लागले की समोरच्याच्या हातातला चहा गार व्हायचा. बोईसर स्टेशनाबाहेर, तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काचेची पेटी, तिच्यामागे स्टूल आणि डोक्यावर पत्रा. गिऱ्हाईक यायचं काच बदलायला आणि जाताना मनमाडच्या सगळ्या गार्ड-ड्रायव्हरांची कुळकथा ऐकून जायचं.

नागोराव मूळचे परभणीकडचे. मिसरूड फुटायच्या आत ते मनमाडला एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या हाताखाली लागले. मनमाड म्हणजे मोठं जंक्शन. जुन्या रेल्वेवाल्यांकडे तेव्हा खिशातली अमेरिकन घड्याळं असायची, कांद्याएवढी जाड, साखळीला लटकवलेली. त्या घड्याळांवर नागोरावांचा हात बसला आणि जीवही जडला. पुढं ती घड्याळं कमी होत गेली, म्हातारा वारला, आणि दुकानात नुसती मनगटी घड्याळं यायला लागली. तेवढ्यात तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं. धाकटा भाऊ चंद्रभान तिथं फिटर म्हणून चिकटला होता. त्यानं निरोप धाडला, "दादा, इकडं या. इथं साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना भोंग्याच्या आत पोचायचं असतंय. आणि समुद्राची हवा अशी खारी की चांगलं घड्याळ वर्षात गंजतंय."

नागोराव आले. बरोबर बायको राहीबाई. एकुलती मुलगी मंदा येवल्याला दिलेली होती, त्यामुळे मागं ओढणारं काही नव्हतं. स्टेशनामागच्या चाळीत एक खोली मिळाली.

राहीबाईला अक्षरओळख नव्हती. पण लग्नापासून रोज संध्याकाळी ती नवऱ्याचं बोलणं ऐकत आली होती. ती भाकरी थापायची आणि नागोराव भिंतीला टेकून दिवसभराची घड्याळं सांगत बसायचे. कुणाचं मशीन घाण झालेलं, कुणाचा केसासारखा स्प्रिंग गुंतलेला. राहीबाई "हं" म्हणायची. खरं तर निम्मं बोलणं तिच्या कानावरून जायचं. पावसाचा आवाज यावा तसा तो आवाज घरात यायचा, आणि तो आहे एवढं तिला पुरायचं.

एक दिवस दुकानासमोर जीप थांबली. चालवत होता किनाऱ्यावरच्या दांडी गावचा जिव्या, चाळिशीचा गडी, बापाचा मासेमारीचा धंदा सोडून प्रकल्पात ड्रायव्हर झालेला. त्याच्या शेजारी एक उंच, उन्हानं लाल झालेला अमेरिकन इंजिनिअर. लुमीस साहेब म्हणायचे त्याला. साहेबानं मुंबईच्या जुन्या बाजारातून पाच अमेरिकन घड्याळं उचलली होती. विकणाऱ्यानं कधीतरी ती सगळी उघडून तबकड्या वेगळ्या केल्या होत्या आणि कशीही लावून टाकली होती. दोन तबकड्या तर नुसत्या फडक्यात बांधलेल्या होत्या.

जिव्यानं साहेबाचं म्हणणं सांगितलं. "नागोशेट, साहेब बोलतो, घड्याल चालला नाय तरी चालंल. पन जी तबकडी ज्या मशिनची, ती त्याच मशिनवर पायजे. दुसऱ्याची नको."

नागोरावांचे डोळे लकाकले. "अरे, त्यांना म्हणावं, मनमाड सुटल्यापासून अशी वाट बघतोय मी."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. तबकडीच्या मागं तांब्याचे बारीक पाय असतात, ते मशिनच्या भोकांत बसावे लागतात. एका कंपनीचे पाय दुसऱ्या कंपनीच्या भोकांत जात नाहीत. सेकंदाचा छोटा गोल कुठं चावीच्या समोर असतो, तर कुठं बाजूला. नागोराव हे सगळं भाकरीच्या पिठावर बोटानं काढून दाखवायचे आणि राहीबाई त्यांचा हात बाजूला सारायची. तीन घड्याळं जुळली. नागोरावांनी ती साहेबाला परत केली आणि साहेबानं त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की डोळ्याला लावलेलं भिंग, त्यांचा आयग्लास, खाली पडला.

राहिली दोन. ती दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मापाची, जुळ्या भावांसारखी. तबकड्याही दोन्ही पांढऱ्या, चिनी मातीसारख्या चकाकणाऱ्या, काळ्या आकड्यांच्या. ही तबकडी ह्या मशिनवर बसायची आणि त्याही मशिनवर बसायची. मागच्या बाजूला जुन्या कारागिरांनी टोचून ठेवलेल्या खुणा होत्या, पण त्यांचा एकमेकींशी मेळ नव्हता. नागोरावांनी ती दोन्ही घरी आणून खिडकीखालच्या फळीवर काचेच्या पेल्यांखाली झाकून ठेवली. सकाळी दुकानात जाण्याआधी ते आयग्लास लावून बसायचे आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत परत तेच.

"कुठली तरी लावून द्या की," राहीबाई एकदा म्हणाली. "साहेबाला काय कळणाराय?"

"मला कळंल ना," नागोराव म्हणाले. रागावून नाही, सहज.

सदुसष्टच्या पावसाळ्याच्या शेवटाकडची गोष्ट. एका संध्याकाळी राहीबाई बोंबील साफ करत बसली होती. नागोराव फळीपाशी होते. एकदम ते उठून उभे राहिले.

"राही! कळलं! अगं, इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. इकडं ये, दाखवतो. गंमत आहे."

"हात माशाचे हायेत माझे. जेवून घ्या आधी, मग दाखवा."

जेवण झालं. नंतर शेजारची शकू तिच्या सासूचं गाऱ्हाणं घेऊन आली ती बराच वेळ बसली. नागोराव आपल्याशीच हसत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढीचा साबण तोंडाला लावून आरशासमोर बसले होते. राहीबाई चुलीपाशी होती. तिला वस्तरा पडल्याचा आवाज आला. मागं वळून पाहिलं तर नागोराव भिंतीकडे कलले होते, आणि अर्ध्या तोंडावरचा साबण खाली ओघळत होता.

चंद्रभाननं कंपनीच्या गाडीतून पालघरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झालाय, उजवं अंग गेलंय. वाचा परत येईल का नाही, आज सांगता येत नाही. राहीबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली. डॉक्टर वेळ सांगतील, गोळ्या सांगतील असं तिला वाटत होतं. ते तिला फक्त "वाट बघा" म्हणाले.

शुद्ध आल्यावर नागोरावांनी पहिला शब्द उच्चारला तेव्हा ती आनंदानं रडली. तो शब्द होता, "बरंय."

"बरं वाटतंय ना? बरं वाटतंय म्हनत्यात!" तिनं चंद्रभानला हाक मारली.

मग तिनं विचारलं, पाणी हवंय का? "बरंय." दुखतंय का कुठं? "बरंय." मंदाला बोलावून घेऊ का? "बरंय." तिनं विचारायचं थांबवलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नागोरावांच्या डोळ्यांत भीती होती. त्यांना पाणी म्हणायचं होतं, नाही म्हणायचं होतं, कदाचित तिचं नाव घ्यायचं होतं, आणि तोंडातून प्रत्येक वेळी तोच एक शब्द बाहेर पडत होता. तो खोटा आहे हे त्यांना स्वतःला ऐकू येत होतं.

घरी आणल्यावर लोक भेटायला आले. "काय नागोराव, कसं काय?" "बरंय." लोक खूश होऊन जायचे. चाळीत बोलबाला झाला की घड्याळजी सुधारले. राहीबाई कुणाकुणाला समजावणार होती? येणाऱ्याला ती चहा करून द्यायची. घरात आता कुणाचाच आवाज नव्हता. भाकरी थापताना ती मध्येच "हं" म्हणायची आणि स्वतःच दचकायची.

पेल्यांखालची घड्याळं तशीच होती. चंद्रभान एका रविवारी म्हणाला, "वहिनी, साहेबाची मुदत संपत आलीय म्हणे. जायच्या आधी न्यायला येईल. मी देतो कशीही बसवून. दोन स्क्रू तर आवळायचे."

"नाही," राहीबाई म्हणाली. "त्यांना कळलंय. ते सांगतील."

"कसं सांगतील?"

तो गेल्यावर तिनं नागोरावांना उशीला टेकवून बसवलं, परातीत स्वच्छ फडकं अंथरलं, त्यावर दोन मशिनं आणि दोन तबकड्या मांडल्या आणि परात त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अहो, कुठली कुठं? नुसतं बोट ठेवा."

नागोरावांनी डावा हात उचलला. तो हात एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर गेला, तिथून मशिनवर, परत तबकडीवर. त्यांनी एक तबकडी उलटी केली, पाय चाचपले, मशिनच्या कडेवर बोट फिरवलं. ओठ हलत होते.

"ही ह्याच्यावर?"

"बरंय."

"का ह्याच्यावर?"

"बरंय." आणि त्यांनी रागानं डोकं मागं आपटलं.

तिनं त्यांचे डोळे पुसले. मग तिला वाटलं, हात त्यांचाच, ठावठिकाणा हाताला माहीत असेल. तिनं एक तबकडी त्यांच्या डाव्या बोटांत दिली, आपल्या हातानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला, लावा. तुमी न्याल तिकडं मी येते." हात एका मशिनकडे सरकला. पाय भोकांशी आले. नागोरावांना दाब कळेना, तिला दाब माहीत नव्हता. दोघांच्या बोटांखाली बारीक कट् असा आवाज झाला.

तबकडीवर मधल्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ उमटली होती.

नागोरावांनी ती पाहिली. "बरंय," ते हळूच म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर परात आणली की ते डोळे मिटून घ्यायचे. तो हात खरंच त्या मशिनकडे चालला होता, की नुसता थकून तिकडं कलला होता, तेही तिला सांगता आलं नसतं.

लुमीस साहेब आला तो थंडीत. दार बुटकं, त्याला वाकून आत यावं लागलं. मागं जिव्या. साहेबाला आजाराचं कळलं होतं, पण खाटेवरचा माणूस बघून तो जागच्या जागी उभाच राहिला. मग खाटेच्या कडेला बसला आणि नागोरावांचा डावा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिला. राहीबाईला आतापर्यंत तो नुसता लाल तोंडाचा साहेब वाटत होता. आता तिला दिसलं की त्यालाही काय बोलावं ते कळत नाही.

तिनं परात आणली. रेघ दाखवली. "जिवाभाऊ, सांगा त्यांना, हे आमच्या हातनं झालं."

साहेबानं रेघेवरून नख फिरवलं आणि हसून मान हलवली. जिव्या म्हणाला, "वयनी, साहेब बोलतो, जुन्या तबकडीला अशी रेघ असतेच. काय वाईट वाटून घेव नका."

"आणि सांगा, कुठली कुठली ते यांना कळलं होतं. आम्हाला माहीत नाही."

साहेब खूश झाला. त्यानं रेघ पडलेली तबकडी एका मशिनवर नुसती टेकवली, दुसरी दुसऱ्यावर, आणि परात नागोरावांसमोर धरून काहीतरी विचारलं. बोलणं परकं होतं, पण प्रश्न सगळ्यांना कळला.

नागोरावांनी डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्या घड्याळांकडे नीट पाहिलं.

"बरंय."

"ओके बोलतो, साहेब," जिव्या म्हणाला.

"अहो नाही!" राहीबाई पुढं झाली. "ते उत्तर नाही! ते दुसरं काही बोलतच नाहीत. हे बघा." तिनं घाईघाईनं तबकड्यांची अदलाबदल केली आणि परात परत नागोरावांसमोर धरली. "अहो, आणि आता? आता बरोबर हाय का?"

ते आताही बरंय म्हणणार, म्हणजे साहेबाला आपोआप कळेल, एवढंच तिच्या मनात होतं. नागोरावांनी तोंड उघडलं. छाती वर आली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आणि काहीच बाहेर आलं नाही. सगळ्या घरात फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो एक शब्दसुद्धा नेमका त्या घटकेला त्यांना सोडून गेला.

"झाला ना वयनी," जिव्या समजुतीनं म्हणाला. "पैल्याला हो बोलला, दुसऱ्याला नाय बोलला. नागोशेटला बरोबर ठावं हाय."

"नाही हो, जिवाभाऊ, तसं नाही ते..."

जिव्यानं साहेबाला दोन शब्द सांगितले. काय सांगितलं कुणास ठाऊक. साहेब राहीबाईकडे फार मायेनं बघत होता, जसं आजाऱ्याच्या बायकोकडे बघतात तसं. त्यानं खिशातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, तबकड्या परत पहिल्यासारख्या केल्या, आणि खाटेच्या कडेवर बसूनच एकेक स्क्रू आवळत गेला.

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा नागोरावांना शब्द सापडला. "बरंय!" ते ओरडले. डाव्या मुठीनं त्यांनी खाटेच्या लाकडावर मारलं. "बरंय! बरंय! बरंय!"

साहेब हसला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं ती मूठ पकडून हलवली. जिव्याही हसला, "बगा वयनी, केवडे खुशीत हाय!"

राहीबाई त्या दोघांच्या मध्ये उभी होती. नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता. साहेबाला सांगायला तिच्याकडे त्याची भाषा नव्हती, आणि नवऱ्याला काय सांगायचं होतं ते तिला तिच्या स्वतःच्या भाषेत कळत नव्हतं. चूक लावलं म्हणून ते ओरडत होते, की बरोबर लागलं म्हणून? जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तोवर नागोरावांनी मूठ उघडली होती आणि हात खाटेवर पडला होता.

पुढं शब्द एकेक करून आले, गळक्या नळातून थेंब यावेत तसे. पहिला आला "राही". मग "पाणी", "ऊन", "मंदा". मंदा येवल्याहून येऊन महिनाभर राहिली होती, तिच्यामुळे तो आला असावा. काठी धरून ते उंबऱ्यापर्यंत जायला लागले. दुकान चंद्रभाननं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला दिलं. राहीबाई कुंभवलीला एका बागायतदाराच्या वाडीत विड्याची पानं खुडायला जाऊ लागली. घड्याळांचा विषय तिनं कधी काढला नाही. त्यांना आठवत नसेल तर बरंच आहे, असं ती स्वतःशी म्हणायची.

एकदा दुपारी जेवायला बसले होते. दोन वाट्या होत्या, एकीत आमटी, एकीत ताक. नागोरावांनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला. मग डाव्या हातानं आमटीची वाटी उचलून ताकाच्या जागी ठेवली आणि ताकाची आमटीच्या जागी.

"आधी ताक हवंय का?"

त्यांनी नाही म्हणून मान जोरात हलवली. वाट्या परत बदलल्या. परत तशाच केल्या. मग थाळीच्या कडेवर बोटानं एक गोल काढला, त्याच्या आत खाली एक छोटा गोल, सेकंदाचा असतो तसा. शेजारी तसाच दुसरा. आणि दोन्हींवर आडवं बोट फिरवून म्हणाले, "उलटं."

राहीबाईचा हात थाळीतच राहिला.

"साहेबानं उलटं बसवलं?"

"उलटं," ते म्हणाले. "राही. उलटं."

म्हणजे त्यांनी सगळं धरून ठेवलं होतं. इतके दिवस ते त्या एका शब्दाच्या वाटेवर बसले होते.

"आता तुमाला कसं कळलं होतं ते सांगता येतंय का?" तिनं विचारलं. त्यांनी खिडकीखालच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तिनं वाडीवर खाडा केला आणि एसटीनं दांडीला गेली. जिव्या घरी होता, अंगणात जाळं पसरून बायकोला, कमळीला, गाठी मारायला मदत करत होता. राहीबाईनं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला.

"वयनी, साहेब जाऊन वरीस झाला. त्याच्या जागेवर दुसरा आलाय. त्याला मी एकदा विचारला होता, लुमीस साहेब कसा हाय. तो बोलला, कोन लुमीस?"

"हापिसात कुणाला ठाव असेल की."

"तिथं त्येचं नाव घेनारा कोन उरला नाय. आनी अमेरिका म्हंजे काय डहानू हाय, जाऊन सांगाला?" एवढं बोलून त्यालाच वाईट वाटलं. "त्या दिसाला माझी चूक झाली काय, वयनी? मला वाटला..."

"तुमची काय चूक," राहीबाई म्हणाली. तिला खरोखरच कुणाची चूक सापडत नव्हती.

कमळीनं सुकटीची पुडी बांधून दिली. परतीची एसटी उशिरा आली. ती चाळीत पोचली तेव्हा नागोराव उंबऱ्यात बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून, रस्त्याकडे डोळे लावून.

"सांगून आले," राहीबाई म्हणाली. पुडी तिनं पदरातून बाहेर काढली. "जिवाभाऊ कळवतो म्हनालाय साहेबाला. साहेब उघडून सरळ करून घेतील. त्यांच्याकडं स्क्रू-ड्रायव्हर हायच की."

नागोरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती चुलीकडे वळायला हवी होती, पण वळता येईना.

"राही," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द शोधायला लागले. ओठ जुळले, सुटले. ती तिथंच उभी राहिली, पुडी हातात धरून. शब्द येत नव्हता. पलीकडून शकूनं नळाला पाणी आल्याची हाक दिली, दोनदा दिली, तेव्हा राहीबाईनं पुडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती हंडा घेऊन बाहेर पडली.